एएचपी की टॉप्सिस हे नंतर ठरवा, आधी निवड नीट मांडा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या एका महाविद्यालयात व्यवस्थापनशास्त्र शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका शाश्वत विकास आणि शिक्षण यांतल्या निवडींवर पीएच.डी. करत आहेत. कॅम्पससाठी चार पर्याय समोर आहेत: छतावरची सौर वीज, कँटीन-वसतिगृहाच्या ओल्या कचऱ्याचा बायोगॅस, पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण आणि विद्युत बस. निकष बारा आहेत. दोनशे विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घ्यायची आहे. गाइडनी फझी एएचपीने (एएचपी म्हणजे निकषांची जोडीजोडीने तुलना करून वजनं काढण्याची पद्धत, फझी म्हणजे धूसर उत्तरांसाठीची तिची आवृत्ती) निकषांची वजनं काढून पुढे टॉप्सिस (आदर्शाच्या जवळ आणि सर्वांत वाईटापासून लांब असलेला पर्याय वर लावणारी पद्धत) लावायला सांगितलं आहे. पद्धत बरोबर आहे का, दोनशेचा नमुना पुरेल का आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, काय विचारतील, हे त्यांना जाणून घ्यायचं आहे.

ताई, तुमचा विषय मला फार मोलाचा वाटतो, म्हणून उत्तर लांबणार आहे. पद्धतीचं नाव ही या कामातली शेवटून दुसरी पायरी. तुमच्या अभ्यासाचं खरं वजन तीन गोष्टींवर ठरणार आहे: निर्णय कोणाचा, पर्याय नेमके कोणते, आणि ते पर्याय एकमेकांपासून किती लांब आहेत. यातली तिसरी सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. या क्षेत्रातले मी तपासलेले बहुतेक प्रबंध तिथेच ढिले पडतात.

सुरुवातीलाच एक गाठ सोडवायला हवी. तुमच्या शीर्षकात दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधले गेले आहेत. महाविद्यालयाने काय निवडावं हा एक, आणि विद्यार्थी-पालक प्रत्यक्षात कशी निवड करतात हा दुसरा. पहिल्यात आपण निर्णय घेणाऱ्याला नीट विचार करायला मदत करतो. रोनाल्ड हॉवर्ड यांनी १९६६ मध्ये ‘डिसिजन अॅनालिसिस’ हे नाव रूढ केलं ते या कामासाठी, आणि राल्फ कीनी व हॉवर्ड रायफा यांनी १९७६ च्या ग्रंथात अनेक उद्दिष्टं असलेल्या निर्णयांची पक्की बैठक घातली तीही यासाठीच. दुसरा प्रश्न वर्तनाचा आहे. त्याला एएचपी लावून फारसं हाती लागत नाही.

कारण साधं आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाला ‘अभ्यासक्रम निवडताना पर्यावरण किती महत्त्वाचं?’ असं विचारलं तर तो ‘अत्यंत महत्त्वाचं’ यावर खूण करणार. फी, नोकरी, घरापासूनचं अंतर, सगळ्यांवर तीच खूण. आपल्याकडे घराघरांत दरवर्षी ‘पुण्याला पाठवायचं की इथंच अहिल्या विद्यापीठात घालायचं’ ही चर्चा होते. त्या चर्चेत कोणी निकषांना गुण देत नाही. लोक दोन पूर्ण पर्याय शेजारी ठेवतात आणि एक उचलतात. म्हणून दुसऱ्या प्रश्नासाठी निवड-प्रयोग करा. दोन काल्पनिक अभ्यासक्रमांची वर्णनं द्या: एकात फी कमी, पण क्षेत्रकार्य नाही, दुसऱ्यात फी थोडी जास्त, पण दर सत्रात नदीवर, कचरा प्रकल्पावर किंवा गावात प्रत्यक्ष काम. विद्यार्थ्याने एक निवडायचा. अशा आठ-दहा जोड्यांच्या उत्तरांवरून कोणत्या गुणासाठी तो किती फी जास्त द्यायला तयार आहे ते निघतं. डॅनियल मॅकफॅडन यांना २००० चा अर्थशास्त्राचा नोबेल सन्मान मिळाला तो या जातीच्या निवडींचं गणित उभं केल्याबद्दल. तुमचे दोनशे विद्यार्थी इथे खरे उपयोगी पडतील.

पहिल्या प्रश्नासाठी मात्र दोनशेची गरज नाही. तो निर्णय प्राचार्य आणि व्यवस्थापन समिती घेणार. त्यांच्यापैकी आठ-दहा जणांसोबत तासभर बसून घेतलेली उत्तरं दोनशे घाईने भरलेल्या फॉर्मपेक्षा जास्त सांगतील. परीक्षक ‘नमुना इतका लहान का’ असं विचारतील. तेव्हा सांगा की हे लोकमताचं सर्वेक्षण नाही, निर्णयाचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांची मूल्यं काढण्याची ही रीत आहे. तिथे नमुन्याच्या आकारापेक्षा कोणाला बसवलं आणि कोणाला का बसवलं नाही, याचा हिशोब द्यावा लागतो. विद्यार्थी प्रतिनिधी आणि देखभाल करणारा कर्मचारी यांना नक्की बसवा. सौर पॅनेलची धूळ कोण पुसणार, हे देखभालवाल्याखेरीज कोणी विचारत नाही.

आता बारा निकष. जोडीजोडीने तुलना करायची म्हटली तर बाराच्या सहासष्ट जोड्या होतात. पंचविसाव्या जोडीनंतर माणूस विचार करणं सोडतो आणि आकडे भरत जातो. चार गटांत तीन-तीन निकष बांधले तर अठरा तुलनांत काम होतं. जाफर रेझाई यांनी २०१५ मध्ये मांडलेली ‘बेस्ट-वर्स्ट’ पद्धत वापरली, म्हणजे सर्वांत महत्त्वाचा व सर्वांत कमी महत्त्वाचा निकष आधी निवडून बाकीच्यांची तुलना फक्त त्या दोघांशी केली, तर एकवीस. पण त्याही आधी निकषांची छाटणी करा. ज्या निकषावर चारही पर्याय सारखेच उतरतात, तो कितीही उदात्त असला तरी या निर्णयातून काढून टाका. ‘संस्थेची प्रतिमा’ हा निकष मला तसाच वाटतो. चौघांनीही प्रतिमा वाढेल, आणि जवळपास सारखीच वाढेल.

छाटणीतली दुसरी गोष्ट दुहेरी मोजणीची. तुमच्या यादीत ‘पाण्याची बचत’, ‘विजेची बचत’ आणि ‘कार्बन उत्सर्जनातली घट’ हे तिन्ही आहेत. आपल्या शहरात नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटरवरून पंपांनी वर चढवून आणावं लागतं. या उपशाचं वीजबिल महापालिकेला इतकं जड जातं की २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढून जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा करायचं ठरलं. म्हणजे इंदुरात वाचलेलं प्रत्येक हजार लिटर पाणी ही वाचलेली वीजही असते, आणि वाचलेली वीज म्हणजे टळलेला कार्बन. तिन्ही निकष स्वतंत्र ठेवले तर एकच लाभ तीनदा मोजला जातो आणि पुनर्भरणाला फुकटचे गुण मिळतात. उपशाची वीज कार्बनमध्ये धरा. पाण्यासाठी वेगळा निकष ठेवायचाच असेल तर तो असा ठेवा: मे महिन्यात कॅम्पसची बोअर चालते की टँकर मागवावा लागतो. तो लाभ कार्बनच्या आकड्यात येत नाही, आणि माळव्यातल्या उन्हाळ्यात तोच खरा बोचतो.

तिसरी गोष्ट आधाररेषेची, म्हणजे प्रकल्प नसता तर एरवी काय झालं असतं याची. ती ताईंनी विशेष लक्ष देऊन पाहावी, कारण बाहेरच्या शोधनिबंधांतले आकडे उचलले की इथेच फसगत होते. ओल्या कचऱ्याचा बायोगॅस केला तर अमुक टन उत्सर्जन टळतं, असं लिहिलेलं असतं. ते आकडे बहुधा असं गृहीत धरून काढलेले असतात की एरवी तो कचरा उकिरड्यावर कुजला असता आणि त्यातून मिथेन निघाला असता. इंदुरात तसं होत नाही. आपण घरातच कचरा वेगवेगळा करून गाडीत टाकतो, आणि देवगुराडियाला फेब्रुवारी २०२२ पासून रोज ५५० टन ओला कचरा पचवण्याच्या क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प चालतो. तुमच्या कँटीनचा ओला कचरा आजही गॅसच बनतो आहे. मग कॅम्पसमध्ये वेगळा प्रकल्प घातल्याने जादा काय मिळतं? वाहतुकीचं थोडं डिझेल, कँटीनच्या सिलिंडरमधली बचत, आणि मुलांना डोळ्यांसमोर शिकायला एक यंत्रणा. पहिल्या दोन गोष्टी लहान आहेत, तिसरी मोठी आहे. हाच प्रकल्प ज्या शहरात कचऱ्याचे डोंगर आहेत तिथे असता, तर हिशोब उलटा आला असता. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून सातत्याने वरच्या जागी असलेल्या शहरात अभ्यास करताना हा फरक प्रबंधात लिहिला नाही, तर तुमच्या कामाचा सर्वांत रोचक भाग हातचा जाईल.

शिक्षणाचा निकष कसा मोजायचा, हा मला या विषयातला सर्वांत कठीण आणि सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. ‘शैक्षणिक मूल्य: १ ते ५’ असं लिहून मोकळं होता येत नाही, कारण तीन म्हणजे काय यावर दोन प्राध्यापकांचं एकमत होणार नाही. पातळ्या शब्दांत लिहून काढा. शून्य: यंत्रणा बसली आहे, विद्यार्थ्यांनी ती फक्त पाहिली. एक: एखाद्या विषयाच्या प्रात्यक्षिकात तिची मोजमापं घेतली जातात. दोन: विद्यार्थी वर्षभर नोंदी ठेवतात आणि त्यातून बिघाड किंवा गळती शोधतात. तीन: नोंदींवरून विद्यार्थ्यांनी सुचवलेला बदल संस्था प्रत्यक्ष अमलात आणते. अशी वर्णनं असली की मतभेद आकड्यावर न होता वस्तुस्थितीवर होतात, आणि ते सुटतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांतलं ४.७ हे लक्ष्य शाश्वत विकासासाठी लागणारं ज्ञान आणि कौशल्य प्रत्येक शिकणाऱ्याला मिळावं असं म्हणतं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता प्रकरणात १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणाविषयी निर्देश दिले आणि पुढे पदवीच्या वर्गांना पर्यावरणाचा अनिवार्य पेपर आला. पेपर आला, पण तो बहुतेक ठिकाणी गाइड वाचून पास होण्याचा विषय झाला. म्हणून कॅम्पसवरच्या पर्यायांकडे ‘किती टन’ इतक्याच नजरेने न पाहता ‘किती मुलांच्या हाताला काम’ या नजरेने पाहणं मला गरजेचं वाटतं. तुमच्या समितीचं मत वेगळं असू शकतं. ते बाहेर काढायचं तर वजनं नीट विचारायला हवीत.

आणि इथे मूळ मुद्दा येतो. वजन निकषाला नसतं, त्या निकषावर समोरच्या पर्यायांत जेवढा फरक आहे त्या फरकाला असतं. ‘खर्च महत्त्वाचा की पर्यावरण?’ असं नुसतं विचारणं म्हणजे स्वयंपाक काय करायचा ते न सांगता मीठ महत्त्वाचं की तेल, असं विचारणं. उदाहरण करून दाखवतो. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, तुमचे तुम्ही भरा.

सौर वीज: खर्च २० लाख, वर्षाला ४० टन कार्बन टळतो, ६० विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काम. (४० किलोवॉटचा संच वर्षाला अंदाजे ५६ हजार युनिट देतो, आणि आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला की ४० टनांच्या आसपास आकडा येतो.) बायोगॅस: १८ लाख, निव्वळ १० टन, १५० विद्यार्थी. पुनर्भरण: १९ लाख, २ टन, ३०० विद्यार्थी, कारण छतं, गटारं, बोअरची पातळी, पावसाच्या नोंदी अशी पुष्कळ कामं निघतात. बस तूर्त बाजूला ठेवू.

आता नेहमीच्या रीतीने समितीला मोघम विचारलं. समिती म्हणाली, पैसा मुख्य: खर्चाला ०.४०, कार्बनला ०.३०, विद्यार्थ्यांना ०.३०. प्रत्येक निकषावर सर्वांत वाईटाला शून्य, सर्वोत्तमाला एक धरून गुणाकार-बेरीज केली तर बायोगॅस ०.५८, पुनर्भरण ०.५०, सौर ०.३०. बायोगॅस जिंकला. का जिंकला? तो एक-दोन लाखांनी स्वस्त आहे म्हणून. १८ आणि २० लाखांतला हा फरक गणिताने ताणून शून्य ते एक केला, आणि समितीच्या मनातला ‘पैसा’, म्हणजे संस्थेचं सगळं अंदाजपत्रक, त्याच्या पाठीशी उभा राहिला.

तोच प्रश्न फरक दाखवून विचारा. समजा, तुमच्या हाती सर्वांत वाईट पर्याय आला आहे: २० लाख खर्च, २ टन, ६० विद्यार्थी. यातली एकच गोष्ट सर्वोत्तम पातळीवर नेता येणार आहे. कोणती न्याल, हे समितीने बोलून ठरवायचं. समजा त्यांनी विद्यार्थी ६० चे ३०० करणं पहिलं मानलं, त्याला १०० गुण दिले. कार्बन २ चा ४० टन करणं ६० गुणांचं वाटलं. २० लाखांचे १८ लाख करणं २० गुणांचं. बेरीज १८०, म्हणून वजनं ०.५६, ०.३३ आणि ०.११. आता पुनर्भरण ०.६१, बायोगॅस ०.३९, सौर ०.३३. तीच माणसं, तीच मूल्यं. फक्त प्रश्न नीट विचारला आणि उत्तर बदललं. याला स्विंग वेटिंग म्हणतात. वॉर्ड एडवर्ड्स आणि डेट्लॉफ फॉन विंटरफेल्ट यांच्या १९८६ च्या पुस्तकातून ही रीत सगळीकडे पसरली. एक्सेलची एक पत्रिका पुरते, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

बस आत घेतली की काय होतं तेही पाहा: ४० लाख, १२ टन, १०० विद्यार्थी. ती कोणत्याच निकषावर पहिली नाही, तिला कोणी निवडणार नाही. पण मोघम वजनांच्या गणितात तिच्या येण्याने खर्चाची श्रेणी १८ ते ४० लाख झाली. आता पुनर्भरण ०.६८, सौर ०.६६, बायोगॅस ०.५८, बस ०.१३. मघा पहिला असलेला बायोगॅस तिसरा झाला. एका निरुपयोगी पर्यायाने क्रम उलटवला. एएचपीत हा दोष असतो हे व्हॅलरी बेल्टन आणि टोनी गियर यांनी १९८३ मध्ये दाखवलं होतं. चिंग-लाइ ह्वांग आणि क्वांगसुन यून यांच्या १९८१ च्या टॉप्सिसलाही तो चुकत नाही, कारण आदर्श आणि अनादर्श बिंदू समोरच्या पर्यायांतूनच घेतले जातात. परीक्षक जाणकार असतील तर हा प्रश्न नक्की येईल. उत्तर तयार ठेवा: श्रेणी बदलली की वजन पुन्हा विचारायचं. खर्चातला फरक २ लाखांवरून २२ लाख झाला, तर त्याच प्रमाणात त्याचे गुण २० वरून २२० होतात. १००, ६०, २२० ही वजनं घेऊन करून पाहा. पुनर्भरण पहिलं, बायोगॅस दुसरा, सौर तिसरी, हा क्रम जागचा हलत नाही.

मग एएचपी वापरूच नये का? वापरा की. थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात उभी केलेली ही पद्धत समितीला बोलतं करते, आणि सुसंगती तपासण्याची तिची सोय खरोखर चांगली आहे. फक्त प्रत्येक तुलनेच्या वर श्रेणी लिहा: ‘विद्यार्थी ६० ते ३०० हा बदल, खर्च २० ते १८ लाख या बदलाच्या किती पट मोलाचा?’ सुसंगतीचं उदाहरण द्यायचं तर, कोणी शिक्षणाला कार्बनच्या दुप्पट, कार्बनला खर्चाच्या तिप्पट आणि शिक्षणाला खर्चाच्या चौपट म्हटलं, तर काटेकोर हिशोबाने सहापट यायला हवं होतं. तरी विसंगती गुणोत्तर ०.०२ च्या आसपास येतं, म्हणजे ०.१० च्या मर्यादेत आरामात. पण शिक्षण कार्बनच्या तिप्पट, कार्बन खर्चाच्या तिप्पट आणि तरीही खर्च शिक्षणाच्या दुप्पट असं उत्तर आलं, तर ते ०.८६ होतं. अशा वेळी ते उत्तर गाळू नका, आकडे सॉफ्टवेअरकडून ‘दुरुस्त’ तर मुळीच करून घेऊ नका. त्या माणसाकडे परत जा. बहुतेक वेळा त्याच्या मनात ‘खर्च’ या शब्दाचे दोन अर्थ असतात: एकदा भांडवली खर्च, एकदा दरवर्षीची देखभाल. तो उलगडा तुमच्या प्रबंधातला शोध आहे.

गाइडच्या फझी आग्रहाबद्दल. लोत्फी झादेह यांची १९६५ ची फझी संचांची कल्पना थोर आहे, पण माणसाचं उत्तर धूसर असलं की त्यावर त्रिकोणी संख्या (एका आकड्याऐवजी किमान, मधला आणि कमाल असे तीन आकडे) चढवल्याने ते स्पष्ट होत नाही. एएचपीतले निवाडे आधीच अंदाजी असतात, त्यांना पुन्हा फझी करणं गैर आहे, असं खुद्द साटींचं म्हणणं होतं. त्यातून तुम्ही सर्वत्र वापरली जाणारी चँग यांची १९९६ ची रीत घेतलीत, तर एखाद्या निकषाला चक्क शून्य वजन येऊ शकतं. यिंग-मिंग वांग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की ती रीत खरी वजनं देतच नाही. गाइडशी वाद घालायला मी सांगणार नाही. साधं विश्लेषण मुख्य प्रकरणात ठेवा, फझी आवृत्ती तुलनेसाठी पुढे द्या, क्रम बदलतो का ते सांगा. दोन्ही शेजारी पाहिल्यावर गाइडना स्वतःलाच मुद्दा दिसेल.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम आहे. शाश्वततेच्या अभ्यासात नुसती वजनांची बेरीज पुरत नाही. बेरीज म्हणजे एका जागचा तोटा दुसऱ्या जागच्या फायद्याने भरून निघतो, ही कबुली. ती काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी चालूच नये. पुनर्भरणाच्या खड्ड्यात प्रयोगशाळेचं सांडपाणी मिसळण्याची शक्यता असेल, तर बोअर नासेल आणि कॅम्पसबाहेरच्या विहिरीही नासतील. त्याची भरपाई तीनशे विद्यार्थ्यांच्या नोंदवह्यांनी होत नाही. अशा अटी गुणांच्या तक्त्यात घालू नका, आधी गाळणी म्हणून लावा: पिण्याच्या पाण्याला धोका नाही, छतावर चढणाऱ्या मुलांची सुरक्षा आहे, चाकाच्या खुर्चीवरच्या विद्यार्थ्यालाही काम करता येतं. जो पर्याय इथे अडला तो सुधारून आणा किंवा बाहेर ठेवा. बर्नार रॉय यांनी १९६० च्या दशकात सुरू केलेल्या इलेक्ट्र कुळातल्या पद्धतींत असा नकाराधिकार मूळ रचनेतच आहे.

गाळणीनंतरही भरपाईला लगाम हवा असेल तर बेरजेऐवजी भूमितीय सरासरी घ्या, म्हणजे गुणांचा गुणाकार करून त्याचं मूळ काढा. एखाद्या पर्यायाला शिक्षणात ०.९ आणि पर्यावरणात ०.१ आहे; साधी सरासरी ०.५, म्हणजे दोन्हीकडे ०.५ असणाऱ्याच्या बरोबरीची. भूमितीय सरासरी ०.३, म्हणजे एकांगीपणाची किंमत लागली. मानवी विकास निर्देशांकानेही २०१० मध्ये आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांची साधी सरासरी सोडून भूमितीय धरली ती याच विचाराने. प्रबंधात हा दाखला द्या. परीक्षकांना तो ओळखीचा असतो आणि तुमची निवड लहरी वाटत नाही.

गटांची मतं एकत्र करताना जपून. एक जण ९ म्हणाला आणि दुसरा १/९, तर साधी सरासरी ४.५६ येते आणि पहिल्याचा विजय होतो. भूमितीय सरासरी १ येते, आणि ती रास्त आहे. पण त्याहून बरं म्हणजे त्यांना एकत्र करूच नका. प्राध्यापक, विद्यार्थी, व्यवस्थापन यांचे क्रम वेगळे छापा. तिघांचा पहिला पर्याय एकच निघाला तर निर्णय भक्कम आहे. वेगळा निघाला तर भांडण वजनांचं आहे की माहितीचं, हे शोधता येतं. व्यवस्थापनाला ‘३०० विद्यार्थी’ हा आकडाच पटत नसेल, तर वजनांवर चर्चा करून काय उपयोग? एका सत्रात छोटा प्रयोग करून तो आकडा आधी पक्का करावा लागेल.

शेवटच्या प्रकरणात संवेदनशीलतेचा, म्हणजे वजनं बदलली तर क्रम कसा बदलतो याचा, आलेख सगळेच देतात, पण त्याचा अर्थ थोडे सांगतात. आपल्या उदाहरणात विद्यार्थी आणि कार्बन यांचं १००:६० हे प्रमाण कायम ठेवून खर्चाचं वजन ०.११ वरून वाढवत नेलं, तर बायोगॅस पुनर्भरणाच्या पुढे कधी जातो? ०.३८ च्या जरा वर. तिथे खर्चाचं आणि विद्यार्थ्यांचं वजन जवळजवळ सारखं होतं. म्हणजे बायोगॅस निवडणं तेव्हाच योग्य, जेव्हा समितीला २ लाख रुपये वाचवणं आणि २४० जास्त मुलांच्या हाती प्रत्यक्ष काम येणं सारखंच मोलाचं वाटतं. हे वाक्य प्राचार्यांसमोर ठेवा. ‘संवेदनशीलता चाचणीत निष्कर्ष स्थिर आढळला’ या वाक्यावर कोणी बोलत नाही. या वाक्यावर समितीतला प्रत्येक जण काहीतरी बोलेल.

व्हायवात आणखी एक प्रश्न येऊ शकतो: हे सगळं इंदूरबाहेर लागू पडतं का? क्रम लागू पडणार नाही, आणि तसा दावाही करू नका. ग्वाल्हेरच्या एखाद्या महाविद्यालयात कचऱ्याची आधाररेषा वेगळी असेल, बडोद्यात विश्वामित्रीच्या पुराचा निकष आत येईल आणि पुनर्भरणाचं रूपच बदलेल. लागू पडेल ती तुमची शिक्षणाच्या पातळ्यांची मोजपट्टी, आधाररेषा तपासण्याची रीत आणि श्रेणी दाखवून विचारलेले प्रश्न. या तिन्ही गोष्टी परिशिष्टात पूर्ण द्या, समितीला विचारलेला प्रत्येक प्रश्न शब्दशः, म्हणजे दुसऱ्या शहरातला संशोधक त्या उचलून आपले आकडे भरू शकेल.

दोनशे प्रश्नावल्या अजून छापल्या नसतील तर थांबवा. आधी प्राचार्य, लेखापाल, देखभाल पाहणारा कर्मचारी आणि दोन विद्यार्थी यांना एकत्र बसवून चार पर्यायांचे खरे आकडे एका पानावर आणा. त्या पानावर कोणत्या निकषात फरक मोठा आणि कोणत्यात नगण्य, हे दिसलं की बारापैकी पाच-सहाच निकष उरतील असा माझा अंदाज आहे. ते पान तयार झालं की इथे टाका. श्रेणी आणि पातळ्यांची वर्णनं मी आनंदाने पाहून देईन.